ऑगस्टमधली पहिली श्रीलंका: दहा रात्री कुठे घालवायच्या?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात तुम्ही चौघं पहिल्यांदाच श्रीलंकेला निघालाय: तुम्ही दोघं, दहा वर्षांचा मुलगा आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई. हातात दहा रात्री आहेत. यादीत कोलंबो, अनुराधापुरा, सिगिरिया, कँडी, नुवारा एलिया, एल्ला, याला राष्ट्रीय उद्यान, मिरिसाचे देवमासे, गॉलचा किल्ला आणि ‘जमलंच तर जाफना’. शेवटचे तीन दिवस मिरिसाच्या किनाऱ्यावर निवांत. हे सगळं बसेल का?

कागदावर बसेल. प्रत्यक्षात अर्धी सहल गाडीत जाईल आणि शेवटचे तीन दिवस खोलीतून खवळलेला समुद्र बघण्यात जातील. तुमची यादी वाईट नाही, पण ती जानेवारीची आहे. इंटरनेटवर श्रीलंकेचे जे तयार कार्यक्रम सापडतात, ते बहुतेक सगळे डिसेंबर ते मार्च डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असतात आणि म्हणूनच दक्षिण किनाऱ्यावर संपतात. ऑगस्टमध्ये जाणाऱ्याने तेच उचललं की घोळ होतो. म्हणून आधी महिना बघू, मग यादी.

श्रीलंकेत पावसाळे दोन. मे ते सप्टेंबर वारे नैर्ऋत्येकडून येतात आणि कोलंबो, गॉल, मिरिसा ही बाजू आणि डोंगरांचा पश्चिम उतार भिजवतात. डिसेंबर ते फेब्रुवारी ते ईशान्येकडून येतात, तेव्हा त्रिंकोमाली, बट्टिकलोआ आणि जाफन्याकडची बाजू भिजते. मधोमध डोंगर उभे आहेत, ते पाऊस अडवतात. त्यामुळे एका किनाऱ्यावर लाटा फुटत असतात तेव्हा दुसरीकडे पाणी बहुतेक वेळा शांत आणि आकाश मोकळं असतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरचा भरवसा मात्र कुठल्याच बाजूला धरू नये. तुमच्या ऑगस्टमध्ये किनारा हवा असेल तर तो पूर्वेचाच.

दक्षिणेत ऑगस्टमध्ये रोज दिवसभर पाऊस पडतो असं नाही. उघडीप असते, हॉटेलं स्वस्त असतात आणि गॉलच्या किल्ल्यात फिरायला अडचण येत नाही. अडचण समुद्राची आहे. लाटा मोठ्या असतात, पाण्याखालची ओढ जबरदस्त असते, आणि तुमच्याबरोबर दहा वर्षांचा मुलगा आहे. मिरिसाहून देवमासे बघायला जाणाऱ्या बोटींचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. त्यासाठी ऑगस्टमध्ये तिथे जाण्यात अर्थ नाही.

डोंगरातही हाच हिशेब चालतो. नुवारा एलिया सुमारे १,८७० मीटर उंचीवर, पावसाच्या माऱ्यात येतं. ऑगस्टमध्ये तिथे धुकं, रिपरिप आणि गारठा धरूनच चालायचं. एल्ला त्याच डोंगरांच्या पूर्वेला, उवा प्रांतात आहे. पाऊस पश्चिमेला पडून गेल्यावर तिकडे उतरतो तो कोरडा वारा. उवाच्या चहाचा सर्वोत्तम हंगाम जुलै ते सप्टेंबर असतो तो याच वाऱ्यामुळे. म्हणून डोंगरात एकच मुक्काम करायचा तर तो एल्लाला, आणि नुवारा एलिया आगगाडीच्या खिडकीतून.

आता अंतरं. देश ६५,६१० चौरस किलोमीटरचा, उत्तर-दक्षिण लांबी सुमारे ४३५ किलोमीटर. नकाशावर सगळं हाताशी वाटतं. पण द्रुतगती मार्ग सोडले तर रस्ते बहुतांशी दुपदरी आणि गावांच्या मधून जाणारे आहेत. त्यावर बस, टुक-टुक, शाळेची मुलं, आणि कोरड्या भागात संध्याकाळनंतर हत्तीसुद्धा. सपाटीवर तासाला ३५ ते ४० किलोमीटर धरा, डोंगरात २५ ते ३०. नकाशाचं ॲप वेळ सांगेल त्यात पाऊण तास मिळवा. आखताना माझे दोन दंडक असतात: एका दिवसात गाडीचा प्रवास चार तासांच्या वर नाही, आणि कुठेही दोन रात्रींपेक्षा कमी मुक्काम नाही. पहिली रात्र आणि एखादा अपरिहार्य दिवस तेवढा अपवाद. सासूबाई बरोबर आहेत म्हणून हे सांगत नाही, तिशीतल्या जोडप्यालाही मी हेच सांगते. रोज बॅग भरायची म्हटली की चौथ्या दिवशी घरात भांडणं सुरू होतात.

या दोन गोष्टी लावल्या की यादी आपोआप छोटी होते. मिरिसा आणि गॉल गेले. याला उद्यानही जाऊ द्या. ऑगस्टमध्ये तिथे बिबटे दिसण्याची शक्यता चांगली असते, पण जीपची गर्दीही तेवढीच असते, आणि एवढ्यासाठी दक्षिणेला उतरलात की पूर्व किनारा हातचा जातो. जाफना कोलंबोपासून जवळजवळ ४०० किलोमीटर, त्याला स्वतंत्र आठवडा द्यावा असं ते शहर आहे. अनुराधापुरा सोडताना मला सगळ्यात वाईट वाटतं. पण तुमच्या मार्गावर पोलोन्नरुवा आपसूक येतं, आणि दहा दिवसांत दोन प्राचीन राजधान्या मुलांना जड होतात. कोलंबो पहिल्या सहलीत नसलं तरी चालतं.

उरतं ते असं: नेगोम्बो एक रात्र, कँडी दोन, एल्ला दोन, पूर्व किनाऱ्यावरचं पासिकुडा तीन, सिगिरियाजवळचं हबरना दोन. कार्यक्रमाची वर्तुळं बहुतेक सिगिरियापासून सुरू करतात, मी मुद्दाम उलटं फिरवलंय. सिगिरियाकडून विमानतळ साधारण चार तासांवर आहे, पासिकुड्याहून सहा. शेवटच्या दिवशी सहा तास कोणालाच नकोत.

विमानतळ कोलंबोत नाही, कटुनायकेला आहे, आणि तिथून नेगोम्बो जवळ. विमान दुपारी उतरलं तरी त्या दिवशी पुढे जाऊ नका. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ दिवस वर्षभर बारा तासांच्या आसपासचाच असतो. साडेसहाच्या सुमाराला सूर्य मावळला की वीस-पंचवीस मिनिटांत काळोख. उन्हाळा आहे म्हणून संध्याकाळ लांबेल असं इथे होत नाही, आणि अनोळखी घाटात रात्री पोचणं टाळायचं. हाच नियम पूर्ण सहलीला: सकाळी सहा ते दहा बघायचं, भर दुपारी प्रवास, जेवण किंवा झोप, चारनंतर पुन्हा बाहेर. ज्यांना पहाटे उठणं जिवावर येतं त्यांना ही सहल निम्मीच मिळते.

कँडीबद्दल फार लिहीत नाही. संध्याकाळच्या पूजेला, साडेसहाच्या सुमारास, दंतधातू मंदिरात, म्हणजे बुद्धाचा दात जपलेल्या मंदिरात, अर्धा तास आधी पोचा. दात दिसत नाही, तो ज्या करंडकात आहे त्याचं दर्शन होतं, तेही रांगेतून क्षणभर. खालच्या चौकात ढोल वाजू लागतात ते मात्र नीट उभं राहून ऐका. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, चपला बाहेर. दुसऱ्या दिवशी सकाळी पेराडेनियाची वनस्पती बाग: मोकळी, सावलीची, सासूबाईंना आवडेल अशी.

पण कँडीत एक गोष्ट आधीच तपासा. एसला पेराहेरा हा तिथला मोठा उत्सव जुलै-ऑगस्टमध्ये, चांद्र पंचांगानुसार येतो आणि बहुधा ऑगस्टच्या पौर्णिमेच्या सुमारास संपतो. सजवलेले हत्ती, नर्तक, मशाली, आणि शेवटच्या रात्री सगळ्यात भव्य. तुमच्या तारखा त्यात येत असतील तर खोल्यांचे भाव कित्येक पटींनी वाढलेले असतील आणि संध्याकाळी रस्ते बंद. मग निर्णय एकच करा. एकतर तो बघायचाच असं ठरवून खोली आणि बसायच्या जागा आत्ताच घ्या, नाहीतर कँडीचा मुक्काम शहराबाहेर हलवा. दोन्हीच्या मध्ये राहिलात तर पैसेही जातील आणि उत्सवही दिसणार नाही.

कँडी ते एल्ला आगगाडी. या सहलीतली ही एक गोष्ट मी कोणालाही सोडू देत नाही. हा लोहमार्ग इंग्रजांनी आधी कॉफी आणि मग चहा खाली आणायला डोंगरात चढवत नेला, १९२४ मध्ये तो एल्लाच्या पुढे बदुल्ल्याला पोचला. चढताना पश्चिम उतारावर तुम्हाला ओले मळे, धबधबे आणि ढग दिसतील. पट्टिपोला हे सर्वांत उंच स्थानक, सुमारे १,८९० मीटरवर. त्यापुढे बोगदा लागतो आणि पलीकडे जिल्हा बदलतो. ऑगस्टमध्ये बरेचदा हवाही बदलते: इकडे धुक्यात शिरलेली गाडी तिकडे उन्हात निघते. वर जे पावसाचं आणि डोंगरांचं सांगितलं, ते मुलाला याच ठिकाणी दाखवा.

तिकिटांचं नीट ऐका. आरक्षण साधारण तीस दिवस आधी खुलं होतं आणि कँडी-एल्ला पट्ट्यातल्या जागा पटकन संपतात. पहिल्या वर्गाचा वातानुकूलित डबा घेऊ नका, त्याच्या खिडक्या उघडत नाहीत. दुसऱ्या वर्गाचं आरक्षित तिकीट सगळ्यात चांगलं. प्रवास सहा-सात तासांचा, वर उशीर. सासूबाईंना तो लांब वाटला, किंवा पूर्ण पट्ट्याचं तिकीट मिळालं नाही, तर गाडीने नानू ओयापर्यंत, म्हणजे नुवारा एलियाजवळच्या स्थानकापर्यंत, जा आणि तिथून एल्लापर्यंत आगगाडीत बसा. साधारण तीन तासांचा हा तुकडा आहे, आणि माझ्या मते मार्गाचा उत्तम भागही हाच. मोठ्या बॅगा ड्रायव्हरकडे द्यायच्या, तो रस्त्याने एल्लाला पोचतो. ही तिथली रोजची व्यवस्था आहे. निघण्याच्या आठवड्यात मार्ग पूर्ण चालू आहे ना हे विचारून घ्या, कारण डोंगरात दरडी कोसळल्या की तो अधूनमधून बंद पडतो. आणि मुलगा दारात लटकून फोटो काढू म्हणाला तर नाही म्हणजे नाही. बोगद्याच्या भिंती डब्याच्या अगदी जवळून जातात.

कुठलंच आरक्षण मिळालं नाही तरी हिरमुसू नका. एल्लाहून बदुल्ल्याला जाणाऱ्या गाडीत साधं तिकीट काढून बसा, तासाभराचा प्रवास. वाटेत ती नऊ कमानींच्या पुलावरून जाते. हा पूल १९२१ मध्ये पुरा झाला, दगड, वीट आणि सिमेंटचा आहे, त्यात पोलाद नाही. डेमोदरा स्थानक सोडलं की मार्ग वळसा घेत उतरतो आणि बोगद्यातून त्याच स्थानकाच्या खालून जातो. आपण आत्ता ज्या स्थानकात उभे होतो त्याच्याखालून चाललोय हे कळल्यावर मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात. एल्लात याशिवाय लिटल ॲडम्स पीकची पहाटेची चाल पुरे. एल्ला रॉक दमछाक करणारा आहे, तो यावेळी नको.

एल्ला ते पासिकुडा हाच तो अपवादाचा दिवस. बदुल्ला, बिबिले करत रस्ता पूर्वेच्या सपाटीवर उतरतो, पाच ते सहा तास. सकाळी सातला निघा, जेवणाच्या सुमारास समुद्र दिसेल. तीन रात्री मी पासिकुड्यालाच का दिल्या आणि त्रिंकोमालीजवळच्या निलावेलीला का नाही? निलावेली सुंदर आहे आणि पिजन आयलंडचं प्रवाळ बघायचं असेल तर तीच घ्या. पण पासिकुड्याचा उपसागर अर्धवर्तुळाकार, उथळ आहे. कितीतरी आत चालत गेलं तरी पाणी कमरेएवढंच. ज्यांना पोहता येत नाही त्यांनाही इथे समुद्रात बसता येतं. आजी आणि नातू एकत्र पाण्यात उतरू शकतील असा दुसरा किनारा मला या देशात सुचत नाही. दुपारी जमिनीवरून तापलेला कोरडा वारा येतो, त्याला तिथे कच्चान म्हणतात. तेव्हा खोलीत पडून राहायचं. या तीन दिवसांत काहीही ‘बघायचं’ नाही. मधल्या विश्रांतीचे दिवस रिकामे वाटतात म्हणून लोक तिथेही काहीतरी कोंबतात, आणि शेवटचा टप्पा दमलेल्या माणसांनी बघितला जातो.

पासिकुड्याहून हबरन्याला जाताना पोलोन्नरुवा वाटेवरच. बाराव्या शतकात पराक्रमबाहू राजाने वैभवाला नेलेली राजधानी. सगळं बघू नका. गल विहाराच्या एकाच कातळात कोरलेल्या बुद्धमूर्ती, त्यातली पहुडलेली सुमारे चौदा मीटर लांब, आणि मधला वास्तूंचा चौक, एवढंच. पवित्र जागी अनवाणी जावं लागतं आणि अकरा वाजता दगड असा तापतो की तळपायाला चटके बसतात. जाड मोजे चालतात, ते पिशवीच्या वरच्या कप्प्यात ठेवा. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नका. तिथे तो गंभीर अपमान मानला जातो, रखवालदार लगेच हटकतात.

सिगिरियाला दार उघडताना हजर राहा. सुमारे २०० मीटर उंच कातळ, बाराशेच्या आसपास पायऱ्या, माथ्यावर पाचव्या शतकातल्या कश्यप राजाचा महाल. दहानंतर लोखंडी जिन्यांवर रांग लागते आणि सावली नाही. सासूबाईंना वर चढवायचा आग्रह नको. पायथ्याच्या जलउद्यानांसाठी सपाट चालावं लागतं, आणि खाली बसून तो कातळ बघणं हाही पूर्ण अनुभव आहे. तुमच्यापैकी एकजण मुलाबरोबर वर, एकजण खाली. वाटेत गांधीलमाश्यांची मोठी पोळी आहेत, तिथे शांत राहायच्या सूचना असतात. त्या पाळा.

त्याच दिवशी दुपारी अडीच-तीनला मिन्नेरिया. तिसऱ्या शतकात महासेन राजाने बांधलेला तलाव. कोरड्या महिन्यांत पाणी मागे सरतं, उघड्या पडलेल्या तळावर कोवळं गवत उगवतं आणि आसपासच्या रानांतले हत्ती कळपाकळपाने तिथे उतरतात. याचा ऐन काळ ऑगस्ट-सप्टेंबर. म्हणजे समुद्राच्या बाबतीत ज्या महिन्याने तुमचा कार्यक्रम उलटा केला, त्यानेच हे दिलंय. फक्त एक. तलावात पाणी जास्त सोडलेलं असेल तर गवत बुडतं आणि हत्ती कौडुल्ला किंवा हुरुलूच्या रानाकडे वळतात. म्हणून जीप आधी ठरवली तरी रान त्या दिवशी सकाळी ठरवा, जीपवाल्यांना आदल्या संध्याकाळची खबर असते. कळपाच्या जवळ नेण्यासाठी जास्त पैसे देऊ नका. लांबून बघितलेले हत्ती त्यांच्या पद्धतीने वागतात, वेढलेले नाही.

बाकीचं भराभर सांगते. ड्रायव्हरसह गाडी घ्या. ठरवताना इंधन, पथकर, त्याचं राहणं-जेवण कशात धरलंय ते लिहून घ्या, आणि मसाल्याच्या बागा किंवा रत्नांच्या दुकानांत थांबायचं नाही हे पहिल्याच दिवशी हसून सांगून टाका. त्यांना तिथे कमिशन असतं, पण आधी सांगितलं तर कोणी रागावत नाही. शहरात फिरायला पिकमी ॲप आहे. प्रवेशाची ऑनलाइन परवानगी, म्हणजे ईटीए, फक्त सरकारी संकेतस्थळावरूनच. नियम आणि शुल्क बदलतात, म्हणून तिकीट काढायच्या दिवशी पुन्हा बघा. सार्क देशाचा पासपोर्ट असेल तर प्राचीन स्थळांवर सवलतीचं तिकीट विचारा, त्यासाठी मूळ पासपोर्ट जवळ हवा. पौर्णिमेला पोया म्हणतात, त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी. दारू मिळत नाही आणि देवळांत गर्दी असते.

जेवणात भात आणि सोबतच्या चार-पाच भाज्यांचं ताट खरं दुपारचं. रात्री आप्पा (तांदळाच्या पिठाची वाटीसारखी धिरडी, आपले आप्पे नव्हेत) आणि कोत्तू, म्हणजे तव्यावर चिरून परतलेली रोटी. शाकाहारी असाल तर नारळाच्या सांबोलात आणि कित्येक भाज्यांत उंबलकड, म्हणजे सुकवलेल्या माशाचा चुरा, असतो हे ध्यानात ठेवा आणि मागवतानाच विचारा. ‘भाजी आहे’ एवढ्या उत्तरावर थांबू नका.

देशाला २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हिवतापमुक्त जाहीर केलं, पण डेंग्यू आहे, आणि त्याचा डास दिवसा चावतो. तेव्हा मलम सकाळीच लावायचं, विशेषतः घोट्यांना. परतीच्या वाटेवरच्या दंबुल्ल्याच्या गुहामंदिरांजवळ माकडं हातातलं खाणं ओढतात. ओरखडा जरी निघाला तरी जखम साबणाने धुवून थेट डॉक्टर, रेबीजच्या लशीसाठी.

आता क्रम. आज पासिकुड्याची खोली बघा, ऑगस्ट हा तिथला भर हंगाम. मग पेराहेराच्या तारखा आणि कँडी. मग ड्रायव्हर. आगगाडीच्या आरक्षणाचा दिवस फोनमध्ये गजर लावून ठेवा. सिगिरिया, जीप, बागा यांना आधी काही करावं लागत नाही.

आणि परतीच्या विमानाची वेळ बघून घ्या, कारण हा आराखडा संध्याकाळच्या किंवा रात्रीच्या विमानासाठी आहे: सकाळी दंबुल्ला, अकराला निघून चारपर्यंत विमानतळ. विमान सकाळचं असेल तर पासिकुड्याची एक रात्र कमी करून ती शेवटी नेगोम्बोला द्या. हबरन्याची कमी करू नका.